बिनतेलाचे रविवार

माझ्या बायकोच्या वर्गमित्राइतका निरुपद्रवी माणूस कुलाब्यापासून शिवडीपर्यंत शोधून सापडणार नाही, आणि त्याने मला दिला तेवढा मनस्ताप आजवर दुसऱ्या कुणीही दिलेला नाही. मी तसा सोसलेला माणूस आहे. माझ्या बढत्या हुकल्या, ज्यांना मी फायली कशा लावायच्या ते शिकवलं ते माझे साहेब झाले, लालबागेत आमच्या इमारतीसमोर टॉवर उठला आणि स्वयंपाकघरातला सकाळचा उजेड घेऊन गेला. यातल्या कशाचाच मला हेवा म्हणावा असा हेवा वाटला नाही. हेवा वाटला तो एका सडपातळ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या, खिशात दोन चिमटे बाळगणाऱ्या, वनस्पतिशास्त्राच्या अविवाहित प्राध्यापकाचा, जो वर्षानुवर्षं दर रविवारी सकाळी माझ्या घरी यायचा आणि माझ्या बायकोबरोबर गच्चीत मुळ्याची फुलं बघत बसायचा. लोकांच्या बायकांचे जुने मित्र निदान नाटकाला चला म्हणतात, गझला ऐकवतात. त्यावर भांडता तरी येतं. मुळ्यावरून भांडण काढायचं कसं, हे मला अजून उमगलेलं नाही.

त्याचं नाव मी इथे घेत नाही. आमच्या घरात ते इतक्या वेळा घेतलं गेलं आहे की माझ्या वाट्याचंही बायकोने घेऊन टाकलं आहे. ती दादरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. कॉलेजात हे दोघे एका बाकावर बसून पानांच्या शिरा मोजत असत. मग आमचं लग्न झालं, तिचं पुढचं शिकणं राहून गेलं, आणि तो मात्र शिकतच राहिला. मधली बरीच वर्षं दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. ती माझ्या आयुष्यातली सुखाची वर्षं. मग एके दिवशी दादरच्या बाजारात बायको डिंगऱ्या घेत होती. डिंगऱ्या म्हणजे मुळ्याला फुलं येऊन गेल्यावर लागतात त्या कोवळ्या शेंगा. माझ्या आईला त्यांची भाजी जीव की प्राण. तेवढ्यात मागून एक हात आला, त्याने पिशवीतली एक डिंगरी उचलली, नखाने उभी चिरली, आतले दाणे बघितले आणि भाजीवालीला गंभीरपणे विचारलं, "मावशी, ह्यांचा बाप कोण?" भाजीवाली म्हणाली, "ओ साहेब, घ्यायची तर घ्या, सकाळी सकाळी बापबिप काढू नका." माझ्या बायकोने वळून न बघताच ओळखलं. असा प्रश्न विचारणारा माणूस तिच्या माहितीत एकच होता. "अरे, तू!" ती ओरडली, आणि त्या दिवशी आमच्या घरी डिंगऱ्या आल्याच नाहीत. तो आला.

तो राहायचा गिरगावात, चाळीच्या तळमजल्यावर, जिथे ऊन पाहुण्यासारखं येऊन दारातूनच परत जायचं. त्याने खिडकीत लावलेले मुळे त्याच्यासारखेच उंच, फिकट आणि वाकलेले व्हायचे. आमच्या इमारतीला मात्र गच्ची, आणि गच्चीवर टॉवरची सावली पडायच्या आत भरपूर ऊन. "मग आमच्या गच्चीत लाव ना," बायको म्हणाली. मला कुणी विचारलं नाही. पुढच्या रविवारी तो मातीच्या कुंड्या टॅक्सीत घालून हजर झाला, दारातच मला "नमस्कार भावोजी" म्हणाला, आणि त्या एका शब्दाने स्वतःला माझ्या बायकोचा भाऊ करून घेतलं. ह्याने एखाद्या भोळ्या नवऱ्याचं समाधान झालं असतं. मी कुंड्या मोजून घेतल्या.

आमच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली. या काळात बायकोने मला 'अहो'च्या खाली कधी उतरू दिलं नाही. सासूसमोर नवऱ्याला एकेरी हाक मारायची नाही, ही आमच्या घरातली रीत. पुढे आईची हरकत उरली नाही, पण हाक तीच राहिली. आणि हा मनुष्य जिना चढून आला की गच्चीतून आवाज यायचा, "अरे, लवकर ये, उमललंय!" त्या 'अरे'त कॉलेजचा जिना होता, कॅन्टीनमधला अर्धा चहा होता, मी कधीच न पाहिलेली, दोन वेण्या घातलेली एक मुलगी होती. मी ऑफिसातून घामाघूम होऊन येतो तेव्हा मला 'आलात?' असं विचारतात. आलेलो दिसत असतो तरी विचारतात.

त्याचं वेड काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर माझं दुःख कळणार नाही. मुळ्याच्या फुलाला स्वतःच्याच झाडाचा पराग चालत नाही. शेजारच्या झाडाचा चालतो, पलीकडच्या गच्चीतल्या झाडाचा चालतो, स्वतःचा मात्र नको. हे जगातल्या सगळ्या वनस्पतिशास्त्रज्ञांना माहीत आहे आणि ते रात्री शांत झोपतात. याला झोप नव्हती, कारण फुलाला हे कळतं कसं, हा प्रश्न याने अंगाला लावून घेतला होता. पहिल्याच रविवारी त्याने मला कुंडीपाशी उभं करून सांगितलं. "परागकण आतून कोरडा असतो, भावोजी. फुलाच्या मधोमध ही दांडी आहे ना, तिच्या टोकावर येऊन बसला की त्याला पाणी लागतं. पाणी मिळालं की फुगतो, नळी काढतो, मग पुढचं सगळं. पण फूल सहजासहजी पाणी देत नाही. आधी विचारतं, कुठनं आलास?"

"मग तो काय सांगतो?" मी विचारलं.

"तो कशाला सांगेल? त्याच्या अंगावरचं तेल सांगतं! परागकणाच्या अंगाला तेलाचा लेप असतो, फुलाच्या टोकालाही स्निग्ध कातडी असते. तेलाला तेल लागलं की तिथे निवाडा होतो. परका असला तर पाणी मिळतं. घरचाच निघाला, तर बस म्हणावं तसाच कोरडा."

तो हे सांगत असतानाच बायको त्याच्यासाठी तांब्या-भांडं घेऊन गच्चीत आली. मीही उन्हातच उभा होतो, माझ्याही घशाला कोरड पडली होती. तिने त्याला पाणी दिलं, आणखी देऊ का विचारलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला हवं असेल तर खाली माठात आहे." मुळ्याच्या फुलाचा स्वभाव मला त्या क्षणी जेवढा कळला तेवढा त्याला आयुष्यभर अभ्यास करून कळला नसेल.

तेव्हापासून तेल हा आमच्या घरात स्फोटक विषय झाला. तो त्याला आधी 'लिपिड' म्हणायचा; बायको म्हणाली, "तेल म्हण रे, आई घाबरतात." बोटाचं तेल फुलाला लागलं की सगळा प्रयोग फुकट, म्हणून त्याने तेलाशी जन्माचं वैर धरलं होतं. डोक्याला तेल नाही, त्यामुळे केस नारळाच्या शेंडीसारखे उभे. हात कोपरापर्यंत बेसनाने धुवायचा. आमच्याकडे बेसनाचा डबा झपाट्याने रिकामा होऊ लागला आणि मला पिठलं मिळेनासं झालं. बटाटेवडा तो चिमट्याने खायचा. त्याच्या खिशात दोन चिमटे असत, एक फुलांचा आणि एक वड्याचा, आणि त्यांची अदलाबदल होईल या भीतीने तो वडा खाण्यापूर्वी चिमटा उजेडात धरून बघायचा. बसच्या दांडीला हजार माणसांच्या हातांचं तेल असतं म्हणून गिरगाव ते लालबाग तो काही न धरता उभा राहून यायचा, म्हणजे निम्मा प्रवास दुसऱ्यांच्या अंगावर करायचा. एकदा ऐन गणपतीत बी पेरायला आला. लालबागेत तेव्हा मुंगीला वाट नसते. गर्दीचा हाताला स्पर्श नको म्हणून त्याने दोन्ही हात वर धरले होते. पोरांना वाटलं काका रंगात आलेत. त्यांनी त्याला ढोलांच्या मधोमध ओढला, गुलाल फासला आणि चांगला अर्धा तास नाचवला. हात मात्र त्याने शेवटपर्यंत खाली आणले नाहीत. वर आल्यावर बायकोला म्हणाला, "बघ, स्वच्छ आहेत." तिने ते हात असे कौतुकाने बघितले की मी उठून आत गेलो.

परागकण तो तपकिरीच्या जुन्या डबीत आणायचा. एकदा ती डबी कठड्यावर राहिली आणि शेजारच्या काकांनी, तपकीर समजून, अंगठा नि बोट भरून चिमूट ओढली. काका शिंकून शिंकून बेजार झाले. हा त्यांच्यासमोर कपाळाला हात लावून उभा राहिला. "काका, एका झाडाचा सगळा बाप ओढलात हो तुम्ही!" काकांनी त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे येणं सोडलं होतं. माझी आई त्याला 'मुळ्याचो मास्तर' म्हणायची. ती मालवणकडची, गिरणी चालू होती तेव्हापासून लालबागेत आहे, पण बोली काही तिने सोडलेली नाही. तिला त्याने हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "म्हंजे सगोत्र चलणा नाय. आमच्यातय तसाच." यावर तो एवढा चिडला की चहा तसाच ठेवून उठला. जो तो हेच म्हणतो, ही त्याची तक्रार होती. "फुलाला गोत्र नसतं, आजी. फूल काही शिकवत नाही, समजावत नाही. त्याच्यावर माणसं चिकटवू नका." आई शांतपणे म्हणाली, "बरा. च्या पी आधी."

मी मात्र चिकटवत होतो. मला दुसरं कामच उरलं नव्हतं. आणि एका रविवारी माझ्या ध्यानात आली ती गोष्ट. माझी बायको दर शनिवारी संध्याकाळी केसांना खोबरेल तेल लावते. लग्न झाल्यापासून लावते. शनिवार आणि तो वास यांची माझ्या डोक्यात गाठ बसलेली आहे. तो वास बंद झाला होता. कधी बंद झाला ते आठवून पाहिलं, तर कुंड्या आल्या तेव्हापासून. रविवारी सकाळी ती शनिवारीच धुतलेले, हलके, भुरभुरणारे केस घेऊन गच्चीत जात होती. हे समजल्यावर माझी काय अवस्था झाली ते कसं सांगू? मी लगोलग एक फिकट निळा शर्ट शिवायला टाकला, मिशीला कलप लावला, आणि पुढच्या रविवारी चमेलीचं सुगंधी तेल डोक्यावर थापून, भांग पाडून गच्चीत प्रवेश केला. तो कुंडीवर वाकलेला होता. वर न बघता त्याचं नाक हललं. "भावोजी," तो कळवळून म्हणाला, "तुम्ही तेवढे टाकीपलीकडे उभे राहाल का? वारा तिकडून नाहीये." अख्खी सकाळ मी पाण्याच्या टाकीमागे निळ्या शर्टात उभा होतो.

दुपारी मी बायकोला विचारलंच. ती हसायला लागली. "अहो, वाकलं की केस फुलावर पडतात. तेल लागलं की संपलं सगळं. म्हणून नाही लावत." कारण कळलं म्हणून हेवा गेला असं नाही. बायको परक्या माणसासाठी नटली असती तर ते मला समजलं असतं. ही त्याच्या मुळ्यासाठी एवढ्या वर्षांची सवय सोडून बसली होती, आणि माझ्यासाठी तिने आजवर काय सोडलं याचा विचार करताना मला तिचं राहून गेलेलं शिक्षण आठवलं, तेव्हा तो विचार मी तिथेच थांबवला.

मग आलं ते त्याच्या निवृत्तीचं वर्ष. कॉलेजात त्याच्या तेलाच्या कल्पनेला कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. मागून त्याला 'तेली सर' म्हणत. जाण्यापूर्वी एकदा सगळ्यांसमोर दाखवून द्यायचं, असं त्याने ठरवलं. प्रयोग सोपा होता. एका मुळ्याचा पराग घ्यायचा, कॉलेजातून आणलेल्या, पेट्रोलसारखा वास येणाऱ्या द्रावणाने त्याच्या अंगावरचं तेल धुवायचं, त्याला दुसऱ्या झाडाच्या परागाचं तेल चोपडायचं, आणि तो त्याच झाडाच्या फुलाला परत द्यायचा. पराग घरचा, अंगरखा परक्याचा. फूल फसलं तर शेंग धरेल, आणि ओळख तेलात असते हे सिद्ध होईल. खालच्या फांद्यांवर हा वेषांतर केलेला पराग, वरच्या फांद्यांवर साधा घरचा. आणि मधमाशीने मध्ये नाक खुपसू नये म्हणून प्रत्येक झुबक्यावर बटरपेपरची पिशवी, दोऱ्याने बांधलेली. बायको बांधायची, तो दोरा कापायचा. आणि शेवटी त्याने जाहीर केलं, की कॉलेजात जो निबंध वाचायचा त्यावर दोघांची नावं असतील. त्याने ती कागदावर लिहूनही दाखवली. एकाखाली एक, मध्ये 'आणि'. थेट लग्नपत्रिका. बायको ते किती वेळ बघत होती. आमची पत्रिका सोडली, तर तिचं नाव कशावर तरी छापून यायची ती पहिलीच वेळ होती.

आणि शेंगा धरल्या. खालच्या फांद्यांवर, जिथे हव्या तिथेच, हिरव्या, बारीक, टोकदार डिंगऱ्या. वरच्या फांद्या कोरड्या ठणठणीत. त्या रविवारी आमच्या गच्चीत जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. त्याने बेसनाने धुतलेल्या हाताने बटाटेवडा उचलला, चिमट्याशिवाय, आणि अख्खा तोंडात टाकला. माझी बायको रडत होती. "अरे, झालं रे," ती म्हणत होती, "झालं." मीही हसत होतो, अभिनंदन करत होतो, आणि आतून मला असं वाटत होतं की या घरात मी भाड्याने राहतो.

त्यानंतर दोनेक दिवसांनी सर्दी झाली म्हणून मी ऑफिसला गेलो नाही. बायको शाळेत. दुपारी आई घरात दिसेना म्हणून गच्चीत गेलो, तर आई कुंड्यांपाशी. एकेक पिशवीचा दोरा सोडत होती आणि पिशव्या घडी करून पदरात ठेवत होती. मोकळ्या झालेल्या फुलांवर दोन मधमाश्या घोंगावत होत्या. शेजारी उघड्या कुंड्यांतल्या मुळ्यांवरून उठायच्या आणि इकडे येऊन बसायच्या.

"आई! हे काय करतेस?"

"वाईच वारो लागांदे रे," आई म्हणाली. "कागदाच्या पिशयेत कोंडून ठेवल्यानी. जीव गुदमारता त्येंचो. मी रोज दुपारच्या सोडतंय आणि ती येवच्या आधी परत बांधतंय. कोणाक कळणा नाय."

"रोज? सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या कशा? वरच्यांक माझो हात पोचणा नाय."

मी कठड्यावर बसलो. निसर्गाचा नियम म्हणून त्या दोघांना जे दिसलं होतं ती माझ्या आईची उंची होती. माश्यांनी शेजारचा पराग आणला, हात पोचला तेवढ्या फुलांनी तो घेतला, आणि तेलाबिलाचा काही संबंधच नव्हता. काय सांगू, मला सर्दीतसुद्धा मोकळा श्वास आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मुळ्याबद्दल मला त्याच्याहून जास्त माहीत होतं. संध्याकाळपर्यंत मी गुणगुणत होतो. मग बायको शाळेतून आली, पर्स खुंटीला लावली आणि चहाही न घेता निबंधातलं तिचं वाक्य मला वाचून दाखवायला बसली. कसं वाटतं, विचारत होती. मला विचारत होती. सांगितलं तर हा चेहरा विझेल आणि विझवणारा मी असेन. नाही सांगितलं तर भरल्या सभेत कुणीतरी शहाणा उठून विझवेल.

रविवारी मी दोघांसमोर सांगून टाकलं. आईलाही वर आणली. ती पदर सावरत म्हणाली, "माका काय ठावक? डिंगऱ्यो तर लागल्यो मां?" बायको एकदम कुंडीच्या कडेवर बसली. तो उभाच राहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो, खोटं कशाला बोलू, थोडा आशेनेच बघत होतो. त्याने चष्मा काढला, पुसला, आईजवळ गेला आणि तिला अगदी हळू आवाजात विचारू लागला. दुपारी किती वाजता? माश्या कुठून यायच्या? आधी कुठल्या फुलावर? आई सांगत गेली, आणि त्याचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे फूल फसलं नाही!" तो एकदम ओरडला. "ऐकलंस? आपण केवढं नाटक केलं, दुसऱ्याचं तेल चोपडलं, तरी फूल फसलं नाही कदाचित! त्याने वाट बघितली आणि खरा परका आल्यावरच पाणी दिलं. तेलात नुसता वास नसणार, अजून काहीतरी असणार. अरे, हे तर जास्त छान आहे!" आणि तो आईच्या पाया पडला.

मी खरं बोललो होतो, सभेतली नाचक्की वाचवली होती. आणि माझी बायको ओल्या डोळ्यांनी बघत होती ती त्याच्याकडे. त्या क्षणी मला त्याचा जो हेवा वाटला तो आधीच्या सगळ्या हेव्यांहून मोठा होता, आणि त्यात बायकोचा संबंध थोडाच होता. सगळं हातातून गेल्यावर एवढा आनंद होणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. माझी एक बढती हुकली होती तर मी महिनाभर जेवताना बोललो नव्हतो. त्या दिवशी आईने त्या सगळ्या डिंगऱ्या खुडल्या, चण्याची डाळ आणि ओलं खोबरं घालून भाजी केली, वरून तेलाची सणसणीत फोडणी दिली, आणि त्याने स्वतःचा प्रयोग भाकरीबरोबर हाताने खाल्ला. दोनदा वाढून घेतली. भांडी विसळताना बायको मला म्हणाली, "बरं झालं तुम्ही सांगितलंत. तिथे झालं असतं तर त्याला सहन झालं नसतं." 'त्याला' म्हणाली.

कॉलेजात निबंध वाचला गेलाच नाही. तो निवृत्त झाला, आणि मग गिरगावातली त्याची चाळ पाडायला काढली. बिल्डर लांब कुठेतरी जागा देत होता, पण याने चार कुंड्या आणि दोन चिमटे उचलले आणि देवगडकडे बहिणीच्या घरी निघून गेला. जाताना मला म्हणाला, "भावोजी, गच्चीतलं ऊन सांभाळा." रविवारी त्याचा फोन येतो. बायको फोन घेऊन गच्चीत जाते आणि लवकर खाली येते. तिकडे जमिनीत मुळा लावलाय, ऊन ढिगाने आहे, पण शेजारी बसून बघायला कुणी नाही, असं तो म्हणतो म्हणे.

आणि एका शनिवारी मी संध्याकाळी घरी आलो तर दारातच खोबरेल तेलाचा वास आला. या वासाची मी किती वर्षं वाट बघितली होती! आत बायको केस मोकळे सोडून बसली होती. वाटीत बोटं बुडवत होती, केसांना लावत होती, आणि कशाकडेच बघत नव्हती. मी जिंकलो होतो. मला ते बघवेना. मी नुकत्याच काढलेल्या चपला पुन्हा पायात सरकवल्या, दादरला गेलो आणि मुळ्याचं बी घेऊन आलो.

या थंडीत त्याला फुलं आली. पांढरी, जांभळ्या शिरांची. शनिवारी मी तेलाची बाटली उचलून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणालो, "आज नको लावूस. उद्या वर बघायचंय." ती माझ्याकडे बघत राहिली. रविवारी सकाळी मी कुणी न सांगता बेसनाने कोपरापर्यंत हात धुतले. ती पराग लावायचा बारीक कुंचला घेऊन कुंडीवर वाकली, मी फांदी धरली. मला नीट धरता येत नव्हती, ती सारखी हलत होती. तिचे भुरभुरते केस गालावर आले होते आणि कुंचल्याच्या टोकाखेरीज तिला काही दिसत नव्हतं.

"अरे, हलवू नकोस ना," ती म्हणाली. "नीट धर."

मी नीट धरली. तिने मान वर केली नाही. तो 'अरे' मला होता, की त्या जागी इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला होता, ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. थोड्या वेळाने ती खाली गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तांब्या-भांडं होतं. मी मागितलं नव्हतं.

"घ्या," ती म्हणाली, पुन्हा नेहमीसारखी. ऊन बरंच वर आलं होतं. मी उभ्याउभ्याच सगळं पाणी प्यायलो.